टेकू काढताना

प्रिय देवश्री,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घे. तोंडी नाही, लेखी. आणि तिची पोच मला हवी आहे. तुझा बाक उंच आहे. महिला प्रवाशांच्या सोयीसाठी, महिला संशोधकाने, महिलांना विचारून विचारून बांधलेल्या या बाकावर मी, एक महिला, मघापासून बसले आहे आणि माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. लोंबकळतायत. पहिलीतल्या पोरीसारखे. पन्नाशीला आलेल्या, तंत्रनिकेतनात विभागप्रमुख म्हणवून घेणाऱ्या बाईला भर रस्त्यावर पाय हलवत बसावं लागतं, ही मी गंभीर बाब समजते. उजव्या पायातली चप्पल गळून खाली पडली आहे. ती उचलायला मी वाकलेली नाही. का नाही, ते पुढं येईल.

तू म्हणशील, सरासरी काढली होती. काढली असशीलच. सरासरी काढण्यात तुझा हात कोण धरणार! या तालुक्यातल्या बायकांची सरासरी उंची काढलीस, त्यांच्या पिशव्यांचं सरासरी ओझं काढलंस, त्या गाडीची वाट सरासरी किती वेळ बघतात तेही काढलंस. पण देवे, सरासरी बाई मला आजवर भेटलेली नाही. कधी दिसली तर तिला या बाकावर बसव, तिचे पाय बरोबर टेकतील.

तर मी आपल्या फाट्यावर आहे. डोंगरकड्याच्या अलीकडे, उजवीकडं पंक्चरचं दुकान, समोर कडुनिंब, आणि आत ते गाव, ज्याचं नाव मतदान सोडलं तर कुणाला आठवत नाही. हळदीचे ट्रक हिंगोलीच्या मोंढ्याकडं चाललेत आणि प्रत्येक ट्रकमागं पिवळी धूळ उठतीय. माझ्या डोक्यावर तुझ्या नव्या बस थांब्याचा स्लॅब आहे. स्लॅबखाली आपल्या मिस्त्रीचे, विश्वंभरचे, टेकू आहेत. टेकूंच्या मागं, भिंतीला टेकून, मी आहे. समोर कडुनिंबाखाली गावातल्या बायका उभ्या आहेत, त्या माझ्याकडं बघतायत. आणि विश्वंभर हातात हातोडा घेऊन टेकूंखालच्या पाचरींकडं बघतोय.

हो, बरोबर वाचलंस. टेकू आज निघतायत आणि मी खाली बसले आहे. दरवर्षी पोरांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवते, की टेकू काढताना स्लॅबखाली चिटपाखरू थांबू द्यायचं नाही. विश्वंभर त्या वर्गात कधी बसला नाही, पण नियम त्यालाही ठाऊक आहे. सकाळी मला इथं बसलेलं बघून त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि म्हणाला, “मॅडम, तुमीच शिकिवता अन् तुमीच मोडून राहिल्या काय?” मी म्हटलं, तू तुझं काम कर. तो म्हणाला, “माझंच काम हाय हे, म्हणून तर म्हणून राहिलो.”

आता हे कसं घडलं ते सांगते. तू म्हणाली होतीस ना, थांबा पुरा व्हायच्या आधी बायकांची बैठक घे, मतं टिपून घे. घेतली. अंगणवाडीत. सगळं समजावून सांगितलं. जुना थांबा तीन बाजूंनी बंद, आत पत्त्यांचा अड्डा, म्हणून बायका कडुनिंबाखाली उभ्या राहायच्या आणि थांबा रिकामा बघून ड्रायव्हर गाडी पुढं दामटायचा. म्हणून नव्या थांब्याला मागच्या भिंतीत डोळ्याच्या उंचीवर जाळी ठेवलीय, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतली बाई दिसते. बाकाचं तोंड गाडी येते त्या दिशेला. वर सौर दिवा. बायका खूश. एक म्हणाली, “बघा, आमाला इचारून बांधलं तर असं व्हतंय.” तिथं मी थांबायला हवं होतं. पण मला तुझं कौतुक करायची खाज. मी सांगितलं, की या स्लॅबमधली निम्मी खडी खाणीतून आणलेली नाही, तुमच्याच गावच्या जुन्या शाळेचा राडारोडा रस्त्याकडेला पडून होता, तो दळून त्याची खडी केली. डोंगर वाचला, पैसा वाचला, घाण गेली.

तेवढ्यात मागं बसलेली एक म्हातारी, पद्माबाई तिचं नाव, म्हणाली, “कोणती शाळा? खालची?”

मी हो म्हटलं. पद्माबाई उठली, नातीला हाताला धरून पुढं घेऊन आली आणि तिच्या खांद्यावरची ओढणी बाजूला सारली. पल्लवी नाव पोरीचं. गळ्याखालचं हाड उजवीकडं वर उचललेलं आहे, वाकडं जुळल्यासारखं. पद्माबाईचा आवाज चढलेला नव्हता. “चौथीत व्हतं लेकरू. व्हरांड्याचा स्लॅब आला खाली. ज्या छपरानं माझ्या लेकराचा खांदा मोडला, तेच पुन्हा तिच्या डोक्यावर मांडून राहिले काय तुमी?”

तुझ्या अहवालात त्या राडाऱ्यापुढं ‘पाडकाम झालेली जुनी इमारत’ एवढंच आहे. आपण दोघींनी तो ढीग चाळला, धुतला, तोलला, त्यानं किती पाणी पिलं तेही मोजलं. तो कुणावर पडला होता हे विचारायचं आपल्या डोक्यात आलं नाही. असल्या प्रश्नाला तपासणीत जागाच नव्हती.

मी जे करते तेच केलं, व्याख्यान दिलं. जुना स्लॅब दगडामुळं पडला नव्हता, आतल्या सळईला गंज चढला होता, गंज फुगतो, काँक्रीट फोडतो. दगड निर्दोष आहे. पद्माबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असंन. पण मॅडम, तवाचे साहेबबी आमाला म्हणले व्हते, मजबूत हाय, काही व्हत न्हाई.” यावर तुझ्याकडं काही उत्तर असेल तर कळव. माझ्याकडं नव्हतं. आणि ज्याच्याकडं उत्तर नसतं त्याची जीभ लांब होते, हे तू माझ्याबाबतीत पॉलिटेक्निकपासून बघितलंयस. मी म्हणून गेले, “टेकू काढतील त्या दिवशी मी स्वतः खाली बसते. मग तर झालं?” मला वाटलं, बायका हसतील, राहू द्या मॅडम म्हणतील. पद्माबाई हसली नाही. म्हणाली, “बसा. आमी बघाया येतो.”

आल्यात. सगळ्या आल्यात. काहींनी लेकरंही आणलीत.

विश्वंभरनं पहिली पाचर ठोकली. बाहेरच्या कडेपासून सुरुवात, भिंतीकडं येत जायचं. बरोबर करतोय. स्लॅब मागच्या भिंतीत धरलेला, पुढं मोकळा. टेकू निघाले की त्याला आपलं वजन आपणच पेलायचं आहे. टेकू जमिनीवर पडला तेव्हा वरून थोडी माती सुटली आणि या कागदावर आली. वरच्या ओळीतला डाग तोच आहे. मी फुंकर मारली. मग कागद झटकला.

पोरीचं सांगायचं राहिलं. पल्लवी बारावी झाली, हिंगोलीला बी.एस्सी.ला नाव घालायचंय. शनिवारी मुदत संपते. तिचा बाप भीमराज वाईट माणूस नाही गं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतो, अंधार पडल्यावरच घरी येतो. संध्याकाळच्या गाडीनं पोरगी फाट्यावर उतरणार, आणि तिला घ्यायला गावातून आजी येऊन बसणार, असं त्यांचं ठरलं होतं. थांबा झाला म्हणूनच ठरलं होतं. आता भीमराज म्हणतो, “माझी माय जिथं बसायला तयार न्हाई तिथं मी पोरीला कसं उतरवू? घरीच राहू द्या मग.” तुझ्या तीन वर्षांच्या अभ्यासाचा निकाल या एका बाईच्या बसण्यावर आलाय, देवे. तिच्यासाठी मी बसले आहे. हे लिहिताना फार उदात्त वाटतं. बसताना अजिबात वाटत नाही.

दुसरा टेकू गेला. या वेळी आवाज झाला. लाकडाचा असेल. लाकडाचाच होता.

पद्माबाईला मी आधीपासून ओळखते, पण तिला ते ठाऊक नाही. माझा पाय मोडला होता त्या वर्षी मी प्लास्टर काढायला नांदेडला निघाले होते. हिंगोली स्टँडवर गाडी लागली आणि जो गोंधळ उडतो तो उडाला. कुणी खिडकीतून रुमाल टाकतोय, कुणी टोपी, कुणी लेकरूच आत सोडतोय. मी कुबडी घेऊन बाजूला उभी. एका बाईनं भाकरीचं फडकं खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली. आत येऊन बघते तर फडकं बाजूला सारून एक बाप्या बसलेला. तिनं त्याला उठवलं, आणि मग स्वतः बसायच्या ऐवजी मागं वळून मला म्हणाली, “या बाई, बसा. लंगडून राहिल्या तुमी.” तो बाप्या कुरकुरला, तर त्याला म्हणाली, “काहून? तुह्या पायाला काय झालं?” आणि दांड्याला धरून उभी राहिली ती थेट या फाट्यापर्यंत. मी आभार मानायला तोंड उघडलं तोवर ती उतरून चालू पडली होती. अंगणवाडीत तिला बघितलं आणि ओळखलं. सांगितलं नाही. भांडणाच्या मधे ते लाच दिल्यासारखं दिसलं असतं.

पुढची रांग संपली. विश्वंभर आता थांबलाय, खालून स्लॅबची कड बघतोय. एक डोळा मिटून. तो बोलत का नाहीये?

काही नाही. बिडी पेटवत होता.

तुला ते निळं आठवतं? ताकद तपासायला याच काँक्रीटचे क्यूब दाबून फोडले तेव्हा बाकीचे सगळे छान टिकले, एक जरा लवकर गेला. त्याच्या फुटलेल्या तोंडावर निळ्या रंगाचा टवका होता, शाळेच्या भिंतीचा. रंग लागलेला गिलावा खडीत राहून गेला होता. मी तुला फोन केला, तू म्हणालीस, एकाचं काय, सरासरी मर्यादेच्या वर आहे, नियमात बसतं. बसतं, मलाही माहीत आहे. पण देवे, सरासरीखाली कुणी बसत नसतं, स्लॅबखाली बसतं. गेल्या आठवड्यापासून मला झोपेत तो निळा टवका दिसतोय. आणखी किती आहेत तिथं वर? कुठं आहेत? बरोबर भिंतीजवळ, जिथं सगळा ताण येतो, तिथं तर नाहीत? सळया वरच्या अंगाला आहेत, ते मी डोळ्यांनी बघितलंय. काँक्रीट ओतताना त्यांवर पाय देऊन त्या खाली दाबत चालणाऱ्या पोरावर मी असं ओरडले की त्यानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. फोटो आहेत, मापं आहेत, टेकूसुद्धा नियमाहून जास्त दिवस ठेवले. सगळं बरोबर आहे. पण भीतीला कागद दाखवून भागत नाही गं. ती म्हणते, असंन.

मधली रांग सुरू झाली.

मला सारखी आपल्या नांदेडच्या पॉलिटेक्निकच्या दिवसांतली ती शनिवारची संध्याकाळ आठवतीय. आपण दोघी नांदेडहून औंढ्याला घरी निघालेलो, वसमतच्या पुढं गाडी बंद पडली, कंडक्टरनं मागच्या गाडीत बसा म्हणून उतरवलं आणि मागची गाडी थांबलीच नाही. बाप्ये ट्रकला हात करून निघून गेले. आपण चालत सुटलो. मग ती मोटरसायकल. मागून आली, पुढं गेली, वळून परत आली, आणि दिवा मालवून आपल्या बरोबरीनं हळूहळू चालू लागली. त्यावर दोघं होते. ते एक शब्द बोलले नाहीत. काही बोलले असते तर बरं झालं असतं, माझी जीभ तरी चालली असती. तू कंपास बॉक्समधून कर्कटक काढून मुठीत धरलं होतंस. माझा हात तुझ्या दुसऱ्या हातात. किती चाललो कोण जाणे. मंदिराचे दिवे दिसले तेव्हा ती गाडी वळून गेली. तुझ्या ओसरीवर तुझे बाबा उद्याच्या पूजेची फुलं निवडत बसले होते, त्यांनी विचारलं, उशीर का गं? आणि आपण दोघी एका सुरात म्हणालो, गाडी पंक्चर झाली. आधी ठरवलेलं नव्हतं. दोघींनाही ठाऊक होतं, खरं सांगितलं तर सोमवारी नांदेड नाही, नांदेड कधीच नाही. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. तू पुढं शिकलीस, पीएच.डी. झालीस, सगळे विचारायचे, एवढे मोठे पूल सोडून ही बस थांब्यांच्या मागं का लागली? तू दरवेळी काहीतरी भारी उत्तर द्यायचीस. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मोटरसायकल.

पल्लवी तिथं कडुनिंबाला टेकून उभी आहे. उजवा खांदा जरा वर. ती स्लॅबकडं बघत नाहीये, माझ्याकडंही नाही. ती आजीच्या तोंडाकडं बघतीय.

मधली रांग गेली. आता भिंतीजवळचे राहिले, माझ्या दोन्ही हातांना. विश्वंभर वाकून आत आला, माझ्या अगदी जवळ, आणि हळूच म्हणाला, “मॅडम, उठा आता. लई झालं. बायांनी बघितलं.” त्याच्या कपाळावर घाम होता. स्लॅब त्यानंही बांधलाय. मला उठायचं होतं, देवश्री. देवाशपथ, गुडघे उठायच्या तयारीत होते. पण पाय खाली टेकले असते तर ना! मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, “बराबर बसा मग. भिंतीला चिकटून.”

डावा गेला.

काही झालं नाही. काही होत नसताना किती आवाज येतात.

उजवा काढतोय. पाचर अडकलीय. ठोकतोय. प्रत्येक ठोका माझ्या दातांत येतोय. मी लिहितीय. मी लिहितीय. कागदावर माती. स्लॅब जरासा, दोऱ्याइतका खाली आला की मला तसं वाटलं? तेवढा येतोच, मी शिकवते पोरांना, तेवढा यायलाच हवा, आला नाही तर काळजी करा. तेवढाच आलाय. थांबलाय. थांबलाय तो.

टेकू पडला. शेवटचा. ट्रकही नाही रस्त्याला. एक लेकरू रडायला लागलं आणि आईनं त्याला गप केलं. वर निळं-करडं, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे उमटलेलं, ओबडधोबड छप्पर आहे आणि खालून त्याला आता एकही टेकू नाही. जाळीतून ऊन येतंय. विश्वंभर खाली बसलाय, उकिडवा, तोंड पदराआड केल्यासारखं गमच्यात घालून.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. तक्रार करायला नाही. तुला फोन केला असता, पण तू तिकडं दिल्लीच्या सभागृहात याच थांब्याचा फोटो पडद्यावर दाखवत असशील, आणि माझा आवाज तुला पहिल्या शब्दात कळला असता. परवा तुला म्हटलं, काही विशेष नाही, टेकू काढून घेते. कोण खाली बसणार ते म्हटलं नाही, तू मला बसू दिलं नसतंस. पण खरं कारण तेही नाही. हात मोकळे ठेवले असते तर ते थरथरताना कडुनिंबाखालून दिसले असते. डोळे मोकळे ठेवले असते तर ते वर गेले असते. चप्पल उचलायला वाकले असते तर त्या समजल्या असत्या की बाई पळाली. मान खाली घालून लिहीत बसलेली बाई लांबून निवांत दिसते. म्हणून लिहीत सुटले. तुझ्याशी बोलताना माझी भीती जेवढी कमी होते, तेवढी दुसऱ्या कशानं होत नाही. त्या शनिवारी तुझा हात होता. आज कागद धरला.

कुणी पुढं येत नव्हतं. मग मी पर्समधला रुमाल काढला आणि बाकावर माझ्या शेजारी पसरून ठेवला, आणि पुन्हा मान खाली घातली. थोड्या वेळानं चपला वाजल्या. पद्माबाई. छपराखाली आली, वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग रुमालाकडं. “जागा धरली व्हय? कुणासाठी?” मी म्हटलं, “तुमचीच आहे.” ती कडेला हात टेकून वर चढून बसली. “कुणाला लिहून राहिल्या?” म्हटलं, मैत्रिणीला, हा थांबा तिचाच. “तिला लिहा, बाक उंच झाला,” पद्माबाई म्हणाली. तिचेही पाय लोंबकळतायत. पल्लवीला तिनं अजून हाक मारलेली नाही. वळून जाळीतून मागं बघितलं, गाडी येते ती बाजू बघितली, मग स्लॅबलाच विचारल्यासारखं म्हणाली, “सांजच्या गाडीला कवा येऊन बसावं लागंल?”

मग तिनं रुमाल उचलला, झटकला, घडी घातली आणि मला परत दिला. घेताना माझा हात तिला दिसला. ती पुन्हा रस्त्याकडं बघू लागली.

तुझीच, अजून एका पायात चप्पल नसलेली,
कालिंदी